किती हात दोर

मशीद बंदरला दोरांची दुकानं आहेत. काथ्याचे, सुती, नायलॉनचे, जाड, बारीक असे दोरांचे वेटोळे छतापर्यंत रचलेले असतात आणि दुकानात शिरण्याआधीच काथ्याचा कोरडा वास नाकात जातो. गेल्या मे महिन्यात त्यातल्या एका दुकानात मी उभी होते. विहिरीवर पाणी शेंदायला दोर हवा, असं सांगितलं. दुकानदारानं दोन-तीन नमुने पुढ्यात टाकले आणि विचारलं, "किती लांब देऊ, ताई?"

"विहिरीला पुरेल एवढा."

"विहीर किती खोल आहे?"

मला सांगता आलं नाही. त्या पाड्यावर मी सहा वर्षं जात होते. त्या विहिरीच्या कठड्यावर बसून डबा खाल्ला होता, तिथेच मुलांना ओळीनं उभं करून गाणी शिकवली होती, आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अहवालातला फोटोही तिच्याच शेजारचा होता. ती किती खोल आहे, हे मात्र मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. दुकानदार थोडा वेळ थांबला, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी रिकाम्या हातानं बाहेर आले. हातगाड्यांच्या गर्दीत चालताना डोळे भरून येत होते आणि का येतात हे मला नीट कळत होतं.

आमची मंडळी मुंबईतली जुनी मराठी मंडळी आहे. बहुतेक घरं मूळची नगर जिल्ह्यातली. कुणाचे आजोबा गिरणीत आले, कुणाचे रेल्वेत, कुणाची आजी इस्पितळात नर्स म्हणून. आमची एक मिशन समिती आहे आणि मी तिची चिटणीस. वर्षाला आमच्या दोन फेऱ्या होतात. नाताळच्या आधी ब्लँकेटं घेऊन आणि शाळा सुरू होण्याच्या आधी दप्तरं-वह्या घेऊन. पहाटेची कसारा लोकल, कसाऱ्याहून ठरवलेली जीप, विहीगाववरून खोडाळ्याचा रस्ता आणि खोडाळ्याहून आत मोखाडा तालुक्यातला एक पाडा. पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना विचारलेलं नाही.

तीस-पस्तीस घरं असतील. कुडाच्या सारवलेल्या भिंती, वर कौलं, काहींवर निळं प्लास्टिक. उतारावर नागली आणि वरई. पाऊस इथे असा पडतो की चार महिने डोंगर दिसत नाही, आणि तरी होळी झाली की विहिरी तळाला लागतात. दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलूप. भिवंडीकडच्या, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर माणसं मुलाबाळांसकट जातात. आधी घेतलेली उचल फेडायची असते. परत येतात ती पावसाच्या तोंडावर.

हे वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल ते आमच्या लक्षात यायला पाच वर्षं लागली. आम्ही ब्लँकेटं डिसेंबरात न्यायचो, कारण नाताळ डिसेंबरात असतो. ज्या लेकरांना ती हवी होती ती तेव्हा भट्टीवर उघड्यावर झोपत होती. आम्ही मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या हाती ती देऊन, यादीवर अंगठे घेऊन, संध्याकाळच्या लोकलनं परत यायचो. जूनमध्ये दिलेल्या वह्याही तशाच. दहा-बारा पानं भरायची आणि मूल भट्टीवर जायचं. अहवालात मी लिहायची: कुटुंबं इतकी, वस्तू इतक्या, प्रार्थना झालेली घरं इतकी, सुवार्ता ऐकलेले इतके. सगळे आकडे खरे होते. एकही खोटा लिहिला नाही, हे मी शपथेवर सांगते. तरी आज ते कागद काढून बघवत नाहीत.

या वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, एप्रिलअखेर गेलो. आमच्या पाळकसाहेबांनी आंब्याखाली संदेश दिला. विषय होता शोमरोनी स्त्री. याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी पाण्याला आलेली बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा प्रभू. जिवंत पाण्याबद्दल पाळकसाहेब फार मनापासून बोलले. मी लहानपणापासून हा उतारा किती वेळा ऐकला असेन! पण ज्या बायका ऐकत होत्या त्यांच्यातल्या निम्म्या मधेच उठून विहिरीकडे जात होत्या. पाझर साठला की कळशी भरून घ्यायची, नंबर गेला की पुन्हा तासभर थांबायचं.

संदेश संपला, दप्तरं वाटून झाली. मी विहिरीकडे गेले तर एक म्हातारी कठड्यावर एक पाय टेकून पोहरा वर ओढत होती. पासष्टीची तरी असेल. तिच्या हातातला दोर मी पहिल्यांदा नीट पाहिला. एक तुकडा काथ्याचा, त्याला गाठ मारून जुन्या लुगड्याची पिळलेली पट्टी, मग हिरवं प्लास्टिक, मग पुन्हा काथ्या. प्रत्येक गाठ कठड्याच्या दगडाला अडायची. ती अडली की म्हातारी एका हातानं दोर धरून ठेवायची, दुसऱ्या हातानं गाठ उचलून अलीकडे घ्यायची आणि मग पुन्हा दोन्ही हात. दगडाला दोरानं पडलेल्या खाचा होत्या, बोट जाईल एवढ्या खोल. पोहरा वर आला तेव्हा त्यात तांब्याभर गढूळ पाणी होतं. ते तिनं फडक्यातून हंड्यात गाळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोर हवा, बाय. हा तुटतो."

सहा वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि मी तरी सहा वर्षांत तिला काय हवंय म्हणून कुठे विचारलं होतं?

परतीच्या गाडीत मी पवित्र शास्त्र उघडून तो उतारा पुन्हा वाचला. जिवंत पाण्याचं ऐकल्यावर ती शोमरोनी बाई प्रभूला काय म्हणते? तुमच्याकडे पाणी काढायला पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे. आम्ही संदेशात नेहमी हे वाक्य पटकन ओलांडून पुढे जातो, तिला अजून काही कळलेलं नव्हतं असं म्हणून. पण ती विहिरीवरची बाई होती. विहीर किती खोल आहे हे तिला ठाऊक होतं.

मी भांडुपला राहते. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंचीचं. त्यातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची सोय आहे. वैतरणेचं पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथून शहरात जातं. त्या रात्री घरी येऊन नळ सोडला, पायांवरची धूळ धुतली आणि एकदम हात आखडला. हे पाणी तिच्या डोंगरातलं. तिच्या अंगणावरून जाऊन माझ्या मोरीत आलेलं. मी तिला जिवंत पाण्याचा संदेश द्यायला गेले होते.

आजीची वही मी त्याच रात्री काढली.

माझी आजी बायबलबाई होती. नव्या वाचकांना हा शब्द माहीत नसेल. मिशनच्या पगारावर, पगार कसला, दोन वेळचं भागेल एवढ्या पैशांवर, गावोगाव पायी हिंडून बायकांमध्ये काम करणारी बाई. शेवगावकडच्या खेड्यांत आजीनं वीस वर्षं हे काम केलं. पिशवीत पवित्र शास्त्र, गीतांचं पुस्तक, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली, स्वच्छ फडकी, पाटी-पेन्सिल आणि ही वही. वही लांबट, जमाखर्चाची असते तशी, लाल कापडी पाठीची. दर पानावर आजीनं पट्टीनं चार रकाने आखलेत. नाव. घर. काय हवं म्हणाली. काय झालं.

तिसऱ्या रकान्यातल्या नोंदी मी त्या रात्री पहिल्यांदा एकापाठोपाठ वाचल्या. डोळे आले आहेत, औषध हवे. मुंबईला गेलेल्या मुलाला पत्र लिहून हवे. मुलाचे पत्र आले, वाचून हवे. धाकटीला शाळेत घालायचे, सासऱ्याशी बोला म्हणाली. सुई हवी. नवऱ्याने दारू सोडावी म्हणून प्रार्थना. नाव लिहायला शिकायचे आहे, दुसरे काही नाही, नावच. आणि एका पानावर, शेवटच्या ओळीत: काही नको, बसा म्हणाली. त्याच्यापुढे चौथ्या रकान्यात आजीनं लिहिलंय: बसले.

वीस वर्षांच्या त्या वहीत किती जणींचा बाप्तिस्मा झाला याचा रकाना नाही. आजीची श्रद्धा कमी होती असं कुणी म्हणू नये. पहाटे चारला उठून गुडघ्यांवर बसणारी बाई होती ती. यरीहोच्या रस्त्यावरच्या आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट ती आम्हाला फार रंगवून सांगायची. आंधळा माणूस ओरडतोय, त्याला काय हवं हे शेंबड्या पोराला कळेल. तरी प्रभू थांबून त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? "विचारलं बघ," आजी म्हणायची. "देव असून विचारलं."

आम्ही मराठी ख्रिस्ती लोक मिशनच्या कामाला फार जवळून ओळखतो, कारण आम्ही त्या कामाच्या दुसऱ्या टोकाला होतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. इथे राहून ते मराठी शिकले, शाळा काढल्या. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीवर असताना पटकीनं गेले. १८३१ मध्ये याच मिशननं नगरला ठाणं केलं. तिथे सिंथिया फॅरार मॅडमनी मुलींच्या शाळेत आयुष्य घातलं, आणि ती शाळा पाहून आलेल्या जोतीराव फुल्यांनी पुढे १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. मला या माणसांबद्दल कृतज्ञता वाटते आणि ती मी लपवत नाही. माझ्या घरात अक्षर आलं ते त्या वाटेनं.

पण त्या वाटेवर धान्यही होतं. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशननं नगर जिल्ह्यात मदतकार्य केलं, आणि माझे खापरपणजोबा तेव्हा त्या कामावर माती वाहायला गेले, असं घरात सांगतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा. ते भाकरीसाठी आले की वचनासाठी, हे त्यांना आता विचारता येत नाही. गावकुसाबाहेरच्या उपाशी माणसाच्या पोटात या दोन गोष्टी वेगळ्या निघत असतील असं मला वाटत नाही. पुढे त्याची किंमतही आमच्या घरानं मोजली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. धर्म बदलला तरी गावानं मात्र जात विसरली नाही. आजीला वाड्यावर पाणी वरूनच ओतलं जायचं.

म्हणून गेल्या वर्षी पाड्यावरच्या एका तरुणानं, मोखाड्याच्या कॉलेजात शिकलेल्या, मला सरळ विचारलं, "तुम्ही आम्हाला तुमच्या धर्मात घ्यायला येता ना?" तेव्हा मला राग आला नाही. त्याचा प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हटलं, माझा प्रभूवर विश्वास आहे, तो मी कुणापासून लपवणार नाही, विचारलंस तर आनंदानं सांगेन. पण ब्लँकेट हातात घेऊन सांगणार नाही. तो म्हणाला, "पण तुम्ही दोन्ही एकाच दिवशी करता." आमच्या समितीत यावरून बरंच बोलणं झालं. माझं मत मी तिथे मांडलं, इथेही मांडते. ज्याला आपल्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्याकडून होकार घेणं हे पाप आहे. वस्तू वाटायच्या त्या दिवशी संदेश नको. संदेश द्यायचा तर रिकाम्या हातांनी जावं, म्हणजे ऐकणाऱ्याला उठून जाता येईल.

काही जणांना हे पटलं नाही. माझ्या वडिलांच्या वयाचे एक काका उठून म्हणाले, मग मिशन कशाला म्हणायचं, समाजसेवा म्हणा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना जामखेडची आठवण दिली.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आमच्या नगर जिल्ह्यातच काम करायचे. वेल्लोरला शिकलेलं हे ख्रिस्ती जोडपं आधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होतं. बरी होऊन गेलेली माणसं त्याच आजारांनी पुन्हा येतात, हे त्यांनी पाहिलं. १९७० साली जामखेडला आले. आले ते आरोग्याचं काम करायला, पण लोकांनी सांगितलं, आधी अन्न आणि पाणी. मग तिथूनच सुरुवात केली. हातपंप दलित वस्त्यांत बसवले, म्हणजे पाण्याला सगळ्यांना तिथे यावं लागेल. आणि गावातलं आरोग्य कुणाच्या हाती दिलं? गावातल्याच बायकांच्या. पुष्कळशा निरक्षर, पुष्कळशा दलित. कुणी टाकलेली, कुणी विधवा. त्या बाळंतपणं करू लागल्या, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी देऊ लागल्या, ज्या घरांच्या उंबऱ्याच्या आत त्यांना घेत नसत तिथे त्यांना बोलावणी येऊ लागली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्कारापेक्षा त्या बायका मोठ्या वाटतात. डॉक्टरांनाही तसंच वाटत असावं.

आणि फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडचे जेझुइट, १९४८ साली भारतात आले आणि साठ वर्षांहून अधिक काळ मुख्यतः आपल्या दुष्काळी भागात राहिले. त्यांनी शेतकऱ्याच्या बांधावर बसून पाणलोटाचं काम उभं केलं. डोंगरमाथ्यापासून खाली समतल चर, बांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, आणि गावाचं श्रमदान असेल तरच पुढे. पळणारं पाणी चालायला लावायचं आणि चालणारं थांबवून जमिनीत मुरवायचं. अशी गावं उभी राहिली की विहिरीचं पाणी वर येतं, आणि पाणी वर आलं की भट्टीवर जाणारी घरं कमी होतात. यात सुवार्ता कुठे आहे, असं काकांनी विचारलं नाही. ते खाली बसले आणि बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोराचं काय झालं?"

दोराचं असं झालं होतं की मला खोली हवी होती. पाड्यावर फोनची रेंज फक्त टेकडीवर, देवाच्या दगडापाशी येते. आशाताईंना, म्हणजे पाड्यावरच्या आरोग्य कार्यकर्तीला, निरोप ठेवला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, वाऱ्याचा घूं घूं आवाज आणि मधे त्यांचा. म्हणाल्या, "आजी सांगते, किती हात ते पाण्यावर आहे. आज वेगळं, पंधरा दिवसांनी वेगळं. आणि नायलॉनचा आणू नका सांगते, हात कापतो." मी विचारलं, अंदाजे तरी? मागे कुणाशी तरी बोलणं झालं आणि आशाताई म्हणाल्या, "तुम्हीच या म्हणते. दोर सोडून बघा म्हणते."

मी गेले. एकटीच, पहिल्यांदा काही सामान न घेता. कसाऱ्याहून शेअरच्या जीपमधून, खोडाळ्याहून मिळाली त्या मोटरसायकलवरून आणि शेवटचं अंतर पायी. खांद्याला पर्स आणि तिच्यात आजीची वही. आजीच्या शेवटच्या नोंदीनंतर वहीत अकरा पानं कोरी आहेत, रकाने आखलेली.

दुपारची वेळ होती. विहिरीवर कुणी नव्हतं. म्हातारी मला पाहून हसली नाही की दचकली नाही, नुसती उठून दोर घेऊन आली. पोहरा आत सोडला. मी कठड्यावर ओणवी झाले आणि आत पाहिलं. खाली फार खाली आकाशाचा रुपयाएवढा तुकडा हलत होता. पोहरा त्याच्यावर टेकला आणि तो तुकडा फुटला. दोर सैल झाला तिथे तिनं कठड्यावर अंगठा दाबून धरला, आणि मग वर ओढत ओढत कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दोर मोजायला लागली. एक, दोन, तीन. मी मोठ्यानं मोजत होते, ती मनात मोजत होती. दोघींचं चौदावर चुकलं. ती पहिल्यापासून सुरू झाली. गाठ आली की गाठीला बाजूला धरून मोजायची, गाठीची लांबी धरायची नाही, हे तिनं मला दाखवलं. तिच्या तळहातावर आडवा घट्टा आहे, दोराच्या जाडीचा. माझा हात तिनं हातात घेऊन दोरावर ठेवला, किती जाड हवा ते कळावं म्हणून.

तेवीस हात. वर चार हात कमरेला वेढा द्यायला आणि चार पाणी खाली जाईल त्याला.

वही उघडून मी तिचं नाव विचारलं. सहा वर्षांच्या यादीत ते होतं, अंगठ्याच्या शेजारी, पण मी विचारलं आणि तिनं सांगितलं. नाव लिहिलं. घर लिहिलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: दोर, एकतीस हात, सुती, अंगठ्याएवढा जाड. ती वाकून लिहिणं बघत होती. मी विचारलं, आणखी काही?

तिनं विचार केला. हंडा डोक्यावर घेतला, एका हातानं तोल सावरला आणि दुसऱ्या हातानं घराकडे खूण केली.

"बस जरा, बाय," म्हणाली.